घटिकापात्रापासून अणुघड्याळापर्यंत



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला पत्र लिहिले, तेव्हा 'विज्ञान, अवकाश आणि संरक्षण यांतील अलीकडची प्रगती' असा भला मोठा विषय सुचविला होता. एवढ्या मोठ्या ताटातला प्रत्येक पदार्थ तासाभरात चाखायचा म्हटले, तर कशाचीच चव लागायची नाही. म्हणून मी त्या ताटातली एकच वाटी उचलली आहे. ती वाटी आपल्या ओळखीची आहे. आपणांपैकी पुष्कळांनी ती जुन्या लग्नात पाहिली असेल. घंगाळात पाणी भरलेले असे, त्यावर तांब्याची एक पातळ वाटी तरंगत असे, आणि तिच्या बुडाला एक बारीक छिद्र असे. त्या छिद्रातून पाणी आत शिरत शिरत चोवीस मिनिटांनी वाटी भरून बुडे, की एक घटका झाली. अशा साठ घटकांचा एक अहोरात्र. घटकेची साठ पळे, आणि पळाची साठ विपळे. म्हणजे एक विपळ सेकंदाच्या दोन-पंचमांशाएवढे भरते.

आता मी आपणांस विचारतो, एका विपळात काय होऊ शकते? मुहूर्ताच्या दृष्टीने एक विपळ इकडे-तिकडे झाले, तर भटजीबुवाही हरकत घेणार नाहीत. पण एका विपळात प्रकाश एक लाख वीस हजार किलोमीटर पुढे गेलेला असतो. आजच्या काळात जहाज, विमान आणि क्षेपणास्त्र यांना वाट दाखविण्याचे काम ज्या यंत्रणेकडे आहे, तिचा सारा व्यवहार प्रकाशाच्या वेगाने चालतो. तिथे विपळाचा हिशेब कामाचा नाही. तिथे सेकंदाचे शंभर कोटी भाग करावे लागतात, आणि त्यांतले चार-दोन भाग चुकले तरी ती चूक मोजून दुरुस्त करावी लागते. हे काम करणारी घड्याळे आज आपल्या डोक्यावर आकाशात फिरत आहेत. त्यांतली आपली किती आणि दुसऱ्यांची किती, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम घड्याळाचा आणि ठिकाणाचा संबंध काय, ते पाहू. हा संबंध जुना आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. दूर समुद्रात गेलेल्या खलाशाला आपल्या बंदरातली वेळ अचूक ठाऊक असली, आणि डोक्यावर सूर्य आला की आपल्याकडे दुपार झाली हे कळले, तर या दोन वेळांच्या अंतरावरून तो आपले रेखांश काढू शकतो. अडचण एवढीच होती, की हेलकावणाऱ्या जहाजावर बरोबर चालणारे घड्याळच नव्हते. १७०७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ सिली बेटांच्या खडकांवर ब्रिटिश आरमाराची जहाजे आदळली आणि शेकडो खलाशी बुडाले. १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने समुद्रावर रेखांश काढण्याची रीत शोधणाऱ्याला वीस हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले. मोठमोठे ज्योतिर्विद चंद्राकडे आणि ताऱ्यांकडे पाहत राहिले. पण प्रश्न सुटला तो जॉन हॅरिसन नावाच्या सुताराच्या मुलाने आयुष्यभर खपून केलेल्या घड्याळाने. ज्याच्याकडे घड्याळ चांगले, त्याचे जहाज सुरक्षित आणि त्याचे आरमार जबर, हा नियम तेव्हापासून लागू झाला.

आपल्याकडेही वेळ कोणाची मानायची, यावरून एकदा वाद पेटला होता. १९०६ च्या १ जानेवारीपासून सरकारने सबंध देशाला एकच प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ या नव्या वेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे होती. गिरणीतल्या कामगाराला वाटले, की साहेबाने घड्याळाचा काटा पुढे सरकवून आपल्याला अंधारात कामावर बोलावण्याची युक्ती काढली आहे. कामगार बिथरले, सभा झाल्या, निषेध झाले, आणि पुढे कित्येक दशके मुंबईत 'मुंबई टाइम' आणि 'स्टँडर्ड टाइम' अशा दोन वेळा सुखाने नांदत होत्या. आज आपल्याला याचे हसू येते. पण त्या कामगारांच्या मनातला प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आपले घड्याळ दुसऱ्याने लावायचे, आणि आपण त्याप्रमाणे उठायचे-बसायचे, हे कुठवर चालू द्यायचे, असा तो प्रश्न होता.

आता आकाशातल्या घड्याळांकडे वळू. यासाठी आपण एक खेळ कल्पू. समजा, तुम्ही माळावर उभे आहात आणि आसपासच्या तीन गावांतल्या देवळांत बरोबर सातच्या ठोक्याला घंटा वाजते. ध्वनी एक किलोमीटर जायला सुमारे तीन सेकंद घेतो. पहिली घंटा तुम्हांला सहा सेकंदांनी ऐकू आली, म्हणजे ते देऊळ दोन किलोमीटरवर. दुसरी नऊ सेकंदांनी आली, म्हणजे ते तीन किलोमीटरवर. तिसरी बारा सेकंदांनी, म्हणजे चार किलोमीटरवर. गावांचा नकाशा हाती असेल, तर त्या त्या देवळाभोवती तेवढ्या अंतराची वर्तुळे काढा. ती जिथे एकमेकांना छेदतील, तिथे तुम्ही उभे आहात. वळवाच्या पावसात वीज चमकल्यावर आपण सेकंद मोजतो आणि ढग किती लांब आहे ते ओळखतो, त्यातलाच हा प्रकार.

मात्र या खेळात एक अट आहे. तिन्ही गावच्या गुरवांची घड्याळे तंतोतंत मिळालेली पाहिजेत. एकाचे घड्याळ एक सेकंद पुढे असले, तर तुमचा हिशेब तीनशे चाळीस मीटरनी चुकणार. आता देवळांच्या जागी उपग्रह घाला, आणि घंटेच्या जागी रेडिओ लहरी घाला. या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. तिथे एक सेकंदाची चूक म्हणजे जवळजवळ चंद्रापर्यंतच्या अंतराची चूक! एक मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर तुमचे ठिकाण तीनशे मीटरनी हलते. तुमच्या हातातल्या मोबाइलमधले घड्याळ इतके बारीक नसतेच. म्हणून तीनऐवजी किमान चार उपग्रह लागतात. चौथा उपग्रह तुमच्या घड्याळाची चूक काढून देतो. उपग्रहाच्या घड्याळाची चूक मात्र तुमचा मोबाइल काढू शकत नाही. ते मुळातच अचूक असावे लागते.

असे घड्याळ करायचे कसे? लंबकाचे घड्याळ उन्हाळ्यात मागे पडते, कारण दांडा उष्णतेने लांबतो. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक त्याहून पुष्कळ चांगला, पण तोही थंडी-उन्हाने आणि वयाने बदलतो. अणूला मात्र वय नाही. रुबिडियम या धातूचा एक अणू मुंबईत असो, मॉस्कोत असो वा अंतराळात असो, त्याला एका ठरावीक कंपनसंख्येचीच लहर मानवते. ही कंपने सेकंदाला सुमारे ६८३ कोटी असतात. अणुघड्याळात काचेच्या लहानशा कुपीत रुबिडियमची वाफ असते. स्फटिकाकडून निर्माण केलेली लहर त्या वाफेवर सोडतात. लहर बरोबर जुळली, तर वाफेतून जाणारा प्रकाश किंचित मंदावतो. जुळली नाही, तर तसे होत नाही. त्यावरून स्फटिकाची चूक कळते आणि ती तत्क्षणी सुधारली जाते. घड्याळ चालवितो तो स्फटिकच. अणू हा त्याचा कान पिळणारा मास्तर आहे. १९६७ सालापासून तर सेकंदाची व्याख्याच अणूवरून केली जाते. सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० कंपने म्हणजे एक सेकंद.

यात आणखी एक गंमत आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे वेगाने जाणारे घड्याळ मंद चालते, आणि गुरुत्वाकर्षण जिथे कमी तिथले घड्याळ जलद चालते. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांची घड्याळे वेगामुळे दिवसाला सुमारे सात मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि उंचीमुळे सुमारे पंचेचाळीस मायक्रोसेकंद पुढे जातात. वजाबाकी करून ती अडतीस मायक्रोसेकंद पुढे जातात. एवढी दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात अकरा किलोमीटरची चूक साठेल. ज्या सिद्धांताला लोक केवळ पंडितांचा खेळ समजत होते, तो आज आपल्या रिक्षावाल्याला पत्ता शोधून देतो आहे.

जीपीएस हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे अपत्य. त्याचा पहिला उपग्रह १९७८ साली उडाला, आणि १९९५ साली ही यंत्रणा पूर्णपणे कामाला लागली. १९८३ च्या सप्टेंबरात दक्षिण कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही सोय तयार झाल्यावर नागरी वापरासाठीही खुली ठेवण्याचे जाहीर केले. पण लष्कराने एक मेख मारून ठेवली होती. नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि ती शंभर मीटरपर्यंत जाई. ही भेसळ २००० सालच्या मे महिन्यात बंद करण्यात आली.

आपल्याकडे सर्रास सांगतात, की १९९९ च्या कारगिलच्या युद्धात आपल्याला ही माहिती नाकारण्यात आली. त्या कथेच्या खोलात मी शिरत नाही. एवढे मात्र पक्के, की त्या वर्षी नागरी संकेतातली ती भेसळ चालू होती, आणि ती काढायची की ठेवायची हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे नव्हता. डोंगराच्या एका धारेवर आपली तुकडी आणि दुसऱ्या धारेवर शत्रू असेल, तर शंभर मीटरच्या चुकीचा अर्थ काय, हे सैनिकाला सांगावे लागत नाही.

ही गोष्ट केवळ आपल्यालाच कळली असे नाही. रशियाची ग्लोनास होतीच. युरोपने गॅलिलिओ उभारली, चीनने बेइदोउचे जाळे २०२० साली जगभर पुरे केले. आपल्या सरकारने २००६ साली स्वतःच्या यंत्रणेला मंजुरी दिली. २०१३ च्या १ जुलैला पहिला उपग्रह श्रीहरिकोट्याहून उडाला, आणि २०१६ च्या २८ एप्रिलला सातवा. या यंत्रणेचे नाव 'नाविक'. ते इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून जुळविले आहे, पण आपल्या भाषेत ते आयतेच नावाड्याचे नाव झाले. सातही उपग्रह सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असावेत अशी योजना होती. त्यांतले तीन आकाशात एका जागी स्थिर दिसणारे, आणि चार इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट काढीत वर-खाली फिरणारे. जगभर पसरण्याचा हव्यास न धरता भारत आणि त्याच्या सीमेपलीकडचे दीड हजार किलोमीटर, एवढ्या टापूवर नजर ठेवायची, असा हा काटकसरीचा आणि शहाणपणाचा बेत होता. त्यात एक सेवा सर्वांसाठी, आणि दुसरी सांकेतिक कुलुपात बंद केलेली, सैन्यादी अधिकृत वापरासाठी.

सातवा उपग्रह उडाला त्या दिवशी देशभर टाळ्या वाजल्या. त्या वाजायलाच हव्या होत्या. पण श्रोतेहो, पुढची हकीकत टाळ्यांच्या आवाजात बुडून गेली, आणि ती सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

प्रत्येक उपग्रहात तीन रुबिडियम घड्याळे होती. एक बंद पडले तर दुसरे हाताशी असावे म्हणून. ही घड्याळे आपण परदेशातून विकत घेतली होती. उपग्रह आपला, प्रक्षेपक आपला, आणि काळजाचा ठोका मात्र उसना! पहिल्या उपग्रहातली तिन्ही घड्याळे तीन-साडेतीन वर्षांच्या आतच बंद पडली. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांतलीही काही घड्याळे त्याच सुमारास बंद पडली होती, म्हणजे दुर्दैव काही एकट्या आपल्या वाट्याला आले नव्हते. पण छत्तीस हजार किलोमीटरवर घड्याळजी पाठविता येत नाही. त्या उपग्रहाच्या जागी पाठविलेला नवा उपग्रह २०१७ च्या ३१ ऑगस्टला उडाला. प्रक्षेपकाच्या टोकावरचे उष्णतारोधक कवच उघडलेच नाही, आणि उपग्रह डबीतल्या डबीत अडकून वाया गेला. २०१८ च्या एप्रिलमध्ये दुसरा पाठविला, तो नीट पोहोचला. त्यानंतर पाच वर्षे या मालिकेतला एकही उपग्रह उडाला नाही.

या पाच वर्षांत एक काम मात्र गाजावाजा न होता चालले होते. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमधले शास्त्रज्ञ आपले स्वतःचे रुबिडियम घड्याळ सिद्ध करीत होते. २०२३ च्या २९ मे रोजी उडालेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात ते प्रथम बसले. जगात फार थोड्या देशांना ही विद्या साधली आहे, आणि ती विकत मिळाली तरी शिकून मिळत नाही. माझ्या मते आपल्या अवकाशकार्यातली ही एक मोठी घटना आहे. चंद्रावरच्या अवतरणाइतकी ती दिसायला भव्य नाही, म्हणून आपल्या ध्यानात राहिली नाही, इतकेच.

आणि मग २०२५ च्या २९ जानेवारीला एनव्हीएस-०२ उडाला. श्रीहरिकोट्याचे ते शंभरावे उड्डाण होते. प्रक्षेपकाने आपले काम चोख केले. पण उपग्रहाला पुढच्या कक्षेत ढकलणारे इंजिन पेटेना, कारण त्याला ऑक्सिडायझर पुरविणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत. उत्तम घड्याळ पोटात घेऊन तो उपग्रह चुकीच्या, लंबगोल कक्षेत फिरत राहिला. त्याच वर्षी जुलै महिन्यात संसदेत सांगण्यात आले, की आजवर पाठविलेल्या अकरा उपग्रहांपैकी ठिकाण आणि वेळ सांगण्याचे काम करणारे चार उरले आहेत. आणखी चार तेव्हा केवळ एकतर्फी संदेश पाठविण्याच्या कामी येत होते. चार ही किमान संख्या आहे, हे आपण आताच पाहिले. मोटेला चार बैल लागतात आणि तेव्हा गोठ्यात चारच होते. एक लंगडला की मोट थांबली.

हे सांगून मला शास्त्रज्ञांना दोष द्यायचा नाही. ज्यांनी घड्याळ घडविले, ते झडपही घडवतील. मला बोलायचे आहे ते आपल्याविषयी, टाळ्या वाजविणाऱ्यांविषयी. साधे त्रैराशिक करा. सात उपग्रह, आणि प्रत्येकाचे आयुष्य दहा वर्षे धरले, तर सरासरी दर सतरा महिन्यांनी एक नवा उपग्रह आकाशात गेला पाहिजे. तोही एकदा नव्हे, तर कायम. अशी यंत्रणा ही देवळाचा कळस नाही, की एकदा चढविला आणि वर्गणी संपली. ती गावची नळयोजना आहे. तिला रोज माणूस लागतो, दरसाल पैसा लागतो, हाताशी सुटे भाग लागतात, आणि पाणी आले नाही तर ओरडणारा नागरिकही लागतो. आपण उड्डाणाची तारीख विचारतो; चालू घड्याळे किती, हे विचारीत नाही.

कोणी म्हणेल, आमचा मोबाइल तर बिनचूक रस्ता दाखवितो. मग बिघडले कुठे? तो दाखवितो, कारण तो अमेरिका, रशिया, युरोप आणि चीन या सगळ्यांच्या घंटा एकदम ऐकतो. शांततेच्या काळात शेजाऱ्याच्या घड्याळावर आपले घड्याळ लावायला हरकत नाही. पण या घंटा फार मंद आहेत. जमिनीपर्यंत येताना त्या इतक्या क्षीण होतात, की जवळच्या एखाद्या प्रेषकाने त्या बुजवून टाकता येतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे खोटी घंटा वाजविता येते. हे युद्धभूमीच्या आसपास आज सर्रास चालते. २०२५ च्या नोव्हेंबरात खुद्द दिल्लीच्या विमानतळाजवळ उतरणाऱ्या काही विमानांना असे खोटे संकेत मिळाले, आणि सरकारने ते संसदेत मान्य केले. सुदैवाने वैमानिकांच्या हाती जमिनीवरची जुनी साधने होती. नवे आले म्हणून जुने मोडीत काढू नये, हा धडा त्यातून सहज मिळतो. स्वतःच्या उपग्रहांनीही हा धोका संपूर्ण टळत नाही. पण कुलूपबंद संकेताची किल्ली आपल्या खिशात असणे आणि ती दुसऱ्याच्या खिशात असणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि हा प्रश्न केवळ तोफांचा आणि क्षेपणास्त्रांचा नाही. विजेच्या जाळ्यात दूरदूरच्या केंद्रांतल्या प्रवाहाची तुलना करायला एकच सूक्ष्म वेळ लागते. मोबाइलच्या मनोऱ्यांना, बँकांच्या आणि शेअरबाजाराच्या नोंदींना ती लागते. कोकणच्या किनाऱ्यापासून दूर गेलेल्या मच्छीमाराला वादळाचा इशारा आणि परतीची वाट, दोन्ही उपग्रहच देऊ शकतात. एकाच घड्याळाने त्याची होडी बंदरात येते आणि क्षेपणास्त्र नेमावर जाते. घड्याळाला पाप-पुण्य कळत नाही. ते ज्याच्या हाती, त्याने त्याचा वापर ठरवायचा असतो. म्हणून ते हाती तरी असावे लागते.

माझ्या लहानपणी आमच्या पेठेत एक घड्याळजी होते. दुकानात तीस-चाळीस घड्याळे, आणि प्रत्येकाची वेळ निराळी. एकदा मी विचारले, "काका, यांतले खरे कुठले?" त्यांनी उत्तर दिले नाही, आकाशवाणीचे ठोके पडेपर्यंत मला बसवून ठेवले, आणि मग खिशातले घड्याळ काढून दाखविले. ते बरोबर होते. "हे मी रोज लावतो," म्हणाले, "बाकीची विकायची आहेत." आपल्या देशाच्या खिशात असे रोज लावलेले एक घड्याळ असावे. आणि ते चालू आहे की नाही, हे अधूनमधून विचारणारे नागरिक या गावात असावेत. सभेला येणाऱ्यांनी आपल्या खासदाराला एक पत्र लिहून विचारले, की 'नाविक'चे आज किती उपग्रह कामावर आहेत आणि पुढचा केव्हा जाणार, तरी माझे हे भाषण सार्थकी लागले असे मी समजेन.

अध्यक्षमहाराजांनी मघापासून दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे. माझी घटका भरली.